उजनीच्या पाण्यासाठी लाकडी होडी: घडण जुनी, जोडणी नवी

सोलापुरात लाकडी होडी बांधायची म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "इथं कुठला समुद्र?" समुद्र नाही, पण उजनी आहे. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. पूर्ण भरलं की साठा ११७ टीएमसीच्या आसपास जातो आणि त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा असतो, म्हणजे कडक उन्हाळ्यातही पाणी पार आटत नाही. करमाळा तालुक्यातल्या केत्तूर, कुगाव भागातल्या लोकांना इंदापूरची बाजू पाण्यापलीकडे दिसते. मासेमारी असो, पलीकडची ये-जा असो की रोहित पक्षी बघायला येणारे हौशी लोक असोत, सगळ्यांना होडी लागते. खाली पंढरपुरात पुंडलिकाच्या देवळापासून विष्णुपद-गोपाळपुरापर्यंत भाविकांना नेणाऱ्या कोळी बांधवांच्या होड्या तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या.

यातल्या लाकडी होड्यांची जागा आता पत्र्याने आणि फायबरने घेतली आहे. कारणं उघड आहेत. चांगला साग परवडत नाही, होडी घडवणारे मिस्त्री थकले आणि दर उन्हाळ्यानंतर फटी बुजवायचा कुटाणा कुणाला नको आहे. या फटींच्या दुखण्यावर आज पक्का इलाज आहे: पाण्यात टिकणाऱ्या मरिन प्लायच्या फळ्या तारेने शिवायच्या आणि इपॉक्सीने, म्हणजे दोन घटक कालवून घट्ट होणाऱ्या चिकट रेझिनने, जोडायच्या. त्या इलाजाने साग फार कमी लागतो आणि नेहमीचा फर्निचरचा सुतारही थोड्या सरावाने होडी बांधू शकतो. आकार जुन्या होडीचा घ्यायचा आणि जोडणी नवी करायची, एवढीच त्याची दिशा. पंधरा फुटांची, चार माणसांची, सपाट तळाची होडी समोर ठेवून पुढचं सगळं लिहिलं आहे.

आधी दुखणं समजून घ्या

लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. पावसाळ्यात उघड्या शेडमध्ये पडलेल्या फळीतली ओल १५-१६ टक्क्यांवर जाते. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर आणि हवा कोरडी ठाक, तेव्हा तीच फळी ५-६ टक्क्यांपर्यंत सुकते. साग कमी आकसणारा म्हणून नावाजलेला. पण तोही या दहा टक्क्यांच्या फरकात आडव्या अंगाने दोन टक्के आकसतो. वीस सेंटिमीटर रुंदीच्या फळीमागे ही फट चार मिलिमीटरची झाली. किनारपट्टीवर हवा वर्षभर दमट असते, त्यामुळे तिथल्या होडीला एवढी उलथापालथ सोसावी लागत नाही. आपल्याकडची होडी काठावर महिनाभर उन्हात राहिली की तिच्या फटींतून पलीकडचं दिसायला लागतं.

जुन्या लोकांचा उपाय म्हणजे कलाफत. फटीत सूत ठासायचं, वरून राळ-तेलाचा किंवा डांबराचा लेप द्यायचा आणि होडी दोन-चार दिवस पाण्यात बुडवून ठेवायची. लाकूड फुगतं, सूत आवळलं जातं, गळती थांबते. पद्धत हुशारीची आहे, पण तिला होडी सतत ओली लागते.

इथे नवशिका एक उद्योग करू पाहतो. जुनी गळकी होडी आणायची, वरून फायबर-काच आणि रेझिनचा थर चढवायचा आणि झाली नवी म्हणायचं. हे करू नका. खालच्या फळ्या ऋतूप्रमाणे हलत राहतात, वरचा थर ताठ असतो, आणि वर्षा-दोन वर्षांत तो फळ्यांच्या रेषेवर चिरतो. चिरेतून आत गेलेलं पाणी बाहेर येत नाही. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी लागते आणि होडी वरून चकचकीत दिसत असतानाच आतून कुजते. जुनी होडी वाचवायची असेल तर जुन्याच रीतीने वाचवा. कुजकी फळी बदला, सूत भरा. तेवढ्यासाठी तर सोलापूरसारखं गाव नाही, यंत्रमागवाल्यांकडे सुताचा हवा तेवढा उरलासुरला माल मिळतो.

नवी होडी बांधताना रुंद फळ्याच टाळायच्या. मरिन प्लायमध्ये पातळ थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे ते रुंदीत जवळजवळ हलत नाही. सगळ्या बाजूंनी इपॉक्सीत बंद केलं की ओलीची ये-जाही फार मंदावते.

जुन्या होडीचं माप घेणं

माझ्या मते सगळ्या कामातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच, आणि लोक हीच गाळतात. इंटरनेटवर परदेशी तलावांसाठीचे तयार आराखडे ढिगाने मिळतात. पण आपल्या पाण्यावर चालून चालून जो आकार ठरला आहे, त्यात बऱ्याच गोष्टी आधीच सोडवलेल्या असतात. उजनीचा काठ दर महिन्याला सरकतो, होडी चिखलातून ओढावी लागते, पाण्याखाली बाभळीचे खुंट आणि जुन्या गावांचे दगड आहेत. पंढरपुरात होडी घाटाला नाकाने लावावी लागते. त्या सगळ्याचा हिशोब जुन्या होडीच्या अंगात आहे.

होडी रिकामी करून लाकडी ठोकळ्यांवर समतल ठेवा. नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या नाकाच्या, टोकापासून मागच्या फळीच्या मध्यापर्यंत दोरी ताणून बांधा. दोरीवर दर ३० सेंटिमीटरला खडूची खूण करा. प्रत्येक खुणेपाशी ओळंबा सोडून चार मापं घ्या: मध्यापासून वरच्या काठापर्यंतची अर्धी रुंदी, मध्यापासून तळाच्या कोपऱ्यापर्यंतची अर्धी रुंदी, आणि दोरीपासून या दोन्ही बिंदूंची खोली. डावी-उजवी बाजू वेगवेगळी मोजा. वहीत तक्ता आखून मापं मिलिमीटरमध्येच लिहा. फूट-इंच-सूत आणि मिलिमीटर एकाच तक्त्यात मिसळले की पुढे सगळाच घोळ.

जोडीला मोबाइलने फोटो काढा. होडीभोवती दोन उंचीवरून फेरी मारत असे फोटो घ्या की प्रत्येक फोटोतला निम्म्याहून जास्त भाग पुढच्या फोटोत यावा. मेशरूमसारखं मोफत सॉफ्टवेअर त्यातून त्रिमितीय आकार उभा करतं. डांबर लावलेल्या काळ्या, एकसारख्या पृष्ठभागावर सॉफ्टवेअर गोंधळतं, म्हणून आधी अंगभर खडूच्या फुल्या मारा आणि मोजपट्टी फोटोत दिसेल अशी ठेवा. ऊन उतरल्यावर किंवा ढगाळ दिवशी फोटो काढा, कडक सावल्या नकोत. तरीही ओळंब्याची मापं हीच खरी धरा. फोटोंचा उपयोग नाळेचा वळसा आणि काठाचा उतार समजायला.

मोजताना दोन गोष्टी दिसतील. डावी-उजवी बाजू सारखी नसेल, कारण मिस्त्रीने फळी जशी वळली तशी घेतलेली असते. तिथे सरासरी काढा. दुसरं, होडी जुनी असेल तर दोन्ही टोकं थोडी खाली झुकलेली आणि मधला तळ वर आलेला सापडेल. तो काही आकार नाही, ते वय आहे. आराखड्यात तो बाक काढून टाका.

आणि होडीवाल्याला विचारा. "मामा, नाळ एवढी उचललेली कशापायी?" एवढं विचारलं तरी अर्धा तास ऐकायला मिळतं. घाटाच्या पायरीवर नाक चढलं की माणसं कोरड्या पायाने उतरतात, आणि मागं उभा राहून बांबू रेटणाऱ्याच्या वजनाने पुढचं नाक आणखी उचलतं, म्हणून मागच्या बाजूला तळ रुंद लागतो. हे कुठल्याच स्कॅनमध्ये येत नाही.

जुन्या आकारावर नवी तपासणी करण्याचं मोठ्या पातळीवरचं ताजं उदाहरण नौदलाचं आहे. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून बांधलेलं, काथ्याच्या दोरीने फळ्या शिवलेलं 'कौंडिण्य' २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात दाखल झालं. त्या आकाराची पाण्यातली वागणूक आयआयटी मद्रासच्या मदतीने प्रतिकृतीवर तपासली होती. आपल्याला तेवढा थाट नको, पण तपासायची सवय तीच ठेवावी.

आराखडा आणि वजनाचा हिशोब

मापं फ्रीशिप किंवा डेल्फ्टशिपच्या मोफत आवृत्तीत भरा. दोन्ही संगणकावर चालतात आणि होडीचं अंग सपाट पसरून फळ्यांचे आकार काढून देतात. ज्यांना संगणक नको त्यांनी शेडच्या फरशीवर पूर्ण मापात रेषा आखाव्यात. खिळ्यांच्या आधाराने लवचिक सागाची पट्टी वाकवून रेष ओढायची. पट्टी जिथे हिसका खाते तिथलं माप चुकलेलं असतं. खरं तर सॉफ्टवेअरमध्ये काम केलं तरी एकदा ही पट्टी वाकवून बघाच, कारण पडद्यावर न दिसणारा पोक हाताला लागतो.

किती माणसं बसतील हे अंदाजाने ठरवू नका, हिशोब सोपा आहे. पाण्याच्या रेषेवर होडीची लांबी ४.२ मीटर आणि सर्वांत जास्त रुंदी १.१ मीटर धरू. टोकं निमुळती होतात म्हणून गुणाकाराला ०.७२ ने कमी करा: ४.२ × १.१ × ०.७२ म्हणजे साधारण ३.३ चौरस मीटर. एवढ्या क्षेत्रफळाची होडी एक सेंटिमीटर खाली जायला ३३ किलो वजन लागतं. होडी स्वतः १०० किलो, ७० किलोची चार माणसं २८० किलो, एकूण ३८०. म्हणजे होडी साडेअकरा सेंटिमीटर बुडेल. बाजू ४५ सेंटिमीटर उंच असेल तर पाण्यापासून काठ ३३ सेंटिमीटर वर राहतो.

हा ३३ सेंटिमीटरचा आकडा कमी होऊ देऊ नका. उजनीचं पात्र रुंद आहे, वळिवाच्या वाऱ्यात बघता बघता लाटा उठतात. २१ मे २०२४ रोजी कुगाव ते कळाशी या मार्गावर वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. पाचवं माणूस, दुचाकी, मासळीचे क्रेट चढवण्याचा मोह झाला की वरचा भागाकार पुन्हा करा.

आकार पक्का झाला की पुठ्ठ्याचा एक दहांश नमुना करा. फळ्यांचे आकार छापून कापा आणि चिकटपट्टीने जोडा. अर्ध्या तासाचं काम आहे. पुठ्ठ्यात जुळत नाही ते प्लायमध्ये कधीच जुळणार नाही.

माल

प्लाय घेताना आयएस ७१० हा शिक्का बघा. मरिन प्लायचं भारतीय मानक ते हेच. शिक्क्यावर एकट्यावर मात्र भरवसा नको. तुकडा मागून आणा आणि दिवसभर पाण्यात उकळा. मानकातली चाचणी ७२ तासांची असते, पण खोटा माल पहिल्याच दिवशी थर सोडतो. कापलेली कड निरखून बघा. आतल्या थरात पोकळी दिसली तर तो ताव परत. तळाला ९ मिलिमीटरचे दोन, बाजूंना ६ मिलिमीटरचे दोन आणि होडीच्या आतल्या आडव्या भिंतींसाठी ६ मिलिमीटरचा एक, असे पाच ताव पुरतात.

काठाच्या पट्टीला साग घ्या. तळाखालच्या घसपट्ट्यांना मात्र बाभूळ. बैलगाडीची चाकं जिने पेलली तिला चिखल-दगड म्हणजे काहीच नाही, आणि आपल्या शिवारात ती मिळते. लाकूड विकत घेतल्यावर ओलीचं मीटर लावा. छोटं मीटर ऑनलाइन मिळतं आणि या सगळ्या कामात सर्वांत वसूल होणारी वस्तू तीच. १२ टक्क्यांच्या वर आकडा आला तर लाकूड सावलीत, थरांमध्ये पट्ट्या घालून, रचून ठेवा. उन्हात ठेवलं की टोकं चिरतात.

इपॉक्सी लॅमिनेटिंगचं आणि हार्डनर, म्हणजे त्याला घट्ट करणारा दुसरा घटक, 'स्लो' मागा. स्टेशनरीच्या दुकानातल्या अराल्डाइटच्या जोडट्यूब या कामाच्या नव्हेत. फायबरच्या दुकानदाराने पॉलिस्टर रेझिन स्वस्त म्हणून पुढे केलं तरी घेऊ नका, लाकडाला ते इपॉक्सीसारखं धरत नाही.

कापणी आणि सांधा

अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीच्या बाजूला दारांवर नक्षी कोरणारे सीएनसी राउटरवाले, म्हणजे संगणकावर चालणारं कापणी यंत्र असलेले, आहेत. फळ्यांच्या आराखड्याची डीएक्सएफ फाइल दिली की ते कापून देतात. फाइलमध्ये एक मीटरची सरळ रेष मुद्दाम आखून ठेवा आणि कापण्याआधी त्यांच्या पडद्यावर तिचं माप बघा. मिलिमीटरचे इंच झाले की सगळे ताव वाया. कापणीसोबत शिवणीची भोकंही पाडून घ्या: कडेपासून १० मिलिमीटर आत, दर १५ सेंटिमीटरला एक, टोकांपाशी वळण जास्त म्हणून तिथे निम्म्या अंतरावर.

ताव आठ फुटांचा आणि फळी त्याहून लांब, म्हणजे सांधा आलाच. दोन तावांची टोकं तिरकी रंधून एकमेकांवर बसवायची. उतार जाडीच्या आठपट ठेवा: ६ मिलिमीटरला ४८, ९ मिलिमीटरला ७२. दोन्ही ताव पायऱ्यांसारखे एकावर एक रचून एकत्रच रंधले की उतार सारखा येतो. प्लायच्या थरांच्या रेषा तुमच्या डोळ्यांसमोर पट्ट्यांसारख्या उमटतात. त्या सरळ आणि समांतर आल्या तर उतार बरोबर, वाकड्या आल्या तर रंधा कुठे बसला ते तिथेच कळतं. इथे चांगला सुतार यंत्राला भारी पडतो. चिकटवताना आधी दोन्ही उतारांना नुसतं पातळ इपॉक्सी पाजा, मग सिलिका पावडर घालून श्रीखंडाइतकं घट्ट केलेलं लावा, वरखाली प्लास्टिकचा कागद घालून वजन ठेवा. शिकंजा करकचून आवळू नका, सगळं इपॉक्सी बाहेर पिळून निघतं आणि सांधा उपाशी राहतो.

सांध्यात लांबी जाते आणि बाजूची फळी वाकते, त्यामुळे दोन तावांतून होडी पंधरा फुटांचीच निघते. सोळाचा हट्ट धरला तर तिसरा ताव लागतो.

शिवण

मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून सव्वा ते दीड मिलिमीटर जाडीची तांब्याची तार आणा. तळाची फळी खाली ठेवा, बाजूच्या फळ्या भोकाला भोक जुळवून तारेने सैल बांधत जा. सगळीकडे बांधून झालं, आडव्या भिंती आत बसल्या, की मग पकडीने एकेक तार पीळ देऊन आवळा. दोन माणसं लागतात.

आता होडी आकाराला आली. इपॉक्सीला हात लावण्याआधी पिळवटली आहे का ते बघाच. पुढे-मागे काठावर दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवा आणि मागे उभं राहून एका पट्टीवरून दुसरीकडे बघा. समांतर दिसायला हव्यात. नाळेपासून मागच्या दोन्ही कोपऱ्यांची अंतरं मोजा. फरक ३-४ मिलिमीटरच्या आत आणा. एकदा सांधे वाळले की हा पीळ जन्मभर राहतो, आणि अशी होडी कायम एका बाजूला ओढते.

इपॉक्सी आणि सोलापूरचं ऊन

बाटलीवरच्या सूचना पंचवीस अंशांच्या हवेसाठी लिहिलेल्या असतात. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की इपॉक्सी निम्म्या वेळात घट्ट होतं. पंचवीस मिनिटांचा माल चाळीस अंशांना दहा मिनिटांत गेला. त्यातून तो डब्यात खोल भरून ठेवला असेल तर स्वतःच्याच उष्णतेने तापतो, धुरावतो, प्लास्टिकचा डबा वितळवतो. म्हणून बांधणीचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नाइलाजाने उन्हाळ्यात काम आलं तर एका वेळी शे-दीडशे ग्रॅमच कालवा, कालवल्याबरोबर पसरट ट्रेमध्ये ओता, आणि मूळ कॅन सावलीत गार ठेवा.

प्रमाण कंपनीने दिलेलंच, आणि वजनाने दिलं असेल तर काट्यावरच मोजा. लवकर वाळावं म्हणून हार्डनर वाढवणं हा आपल्याकडचा आवडता शहाणपणा, पण त्याने इपॉक्सी कायमचं मऊ राहतं.

लेप देण्याची वेळही महत्त्वाची आहे. सकाळी लाकूड गार असतं. त्यावर लेप दिला आणि मग ऊन चढलं की लाकडातली हवा फुगून बाहेर येते आणि लेपावर टाचणीच्या टोकाएवढे हजार फुगे उठतात. त्या प्रत्येक भोकातून पुढे पाणी जातं. संध्याकाळी, शेड तापून निवायला लागली की लेप द्या. निवताना लाकूड आतली हवा आखडून घेतं आणि इपॉक्सी आत ओढलं जातं. पाच वाजता चहा घेऊन कामाला लागणं हेच इथलं उत्तम वेळापत्रक.

क्रम असा ठेवा. तारांच्या मधल्या जागेत आतून घट्ट इपॉक्सीचे ठिपके द्या. दुसऱ्या दिवशी तारा काढा. न निघाल्या तर सोल्डरिंगची इस्त्री टेकवून तापवल्या की निघतात. मग आतल्या कोपऱ्यात सलग गोलाई भरा. त्यासाठी इपॉक्सीत सागाचा वस्त्रगाळ भुसा आणि सिलिका कालवा, आणि साधारण २० ते २५ मिलिमीटर त्रिज्येचं गोल टोक केलेल्या प्लायच्या तुकड्याने ओढत न्या. गोलाई अजून चिकट असतानाच तिच्यावर दहा सेंटिमीटर रुंद, काचेच्या धाग्यांची विणलेली पट्टी बसवा. होडी उलटी करून बाहेरचे कोपरे रंध्याने गोल करा आणि बाहेरूनही पट्टी. तळाला मात्र पूर्ण काचेचं कापड, २०० ग्रॅम प्रति चौरस मीटरचं पुरतं. कापड पारदर्शक झालं की पुरेसं पाजलं. पांढरे डाग राहिले तिथे कोरडं आहे.

काचेच्या कापडाऐवजी आपली सोलापुरी चादर चालेल का, असं गमतीत विचारणारे भेटतात आणि त्यातले काही जण गंभीर असतात. नाही चालणार. सुती धागा इपॉक्सी भरमसाट पितो, ताकद देत नाही, आणि कुठे उघडा पडलाच तर पाणी शोषून कुजतो. चादर अंगावर घ्या.

वाळलेल्या इपॉक्सीवर कधीकधी मेणचट थर येतो. घासण्याआधी तो साध्या पाण्याने आणि घासणीने धुवा, नाहीतर पुढचा थर धरत नाही. सागाला चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसा, कारण त्याचं तेल आड येतं. आणि हातमोजे सोडू नका. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की पुन्हा त्याच्या जवळ जाता येत नाही. हाताला लागलंच तर थिनर नको, साबण लावा. घासताना मास्क हवाच.

काठ, तळ आणि हवेच्या कोठ्या

काठाची पट्टी एकसंध जाड घेतली तर वाकत नाही, म्हणून पातळ तीन सागाच्या पट्ट्या एकावर एक चिकटवत जा. बाभळीच्या घसपट्ट्या तळाला लांबीने तीन. त्या स्टेनलेस स्क्रूने बसवा, खाली इपॉक्सीऐवजी लवचिक सीलंट भरा, म्हणजे झिजल्यावर काढून बदलता येतात. स्क्रूचं प्रत्येक भोक आधी मोठं पाडून इपॉक्सीने भरा आणि मग त्यातच बारीक भोक घ्या. पाणी प्लायमध्ये शिरतं ते बहुतेक वेळा स्क्रूच्याच वाटेने.

पुढे-मागे बसायच्या फळीखाली बंद कोठ्या करा, प्रत्येकी साधारण १५० लिटरच्या. आत एक्सपीएस, म्हणजे पाणी न शोषणारा घट्ट, फोम भरा. टीव्हीच्या खोक्यातलं दाणेदार थर्माकोल नको, ते कालांतराने पाणी धरतं. कोठीला गोल झाकण ठेवा आणि काठावर असताना ते उघडं राहू द्या.

रंग

इपॉक्सीला ऊन सोसत नाही. रंग हवाच, दोन घटकांचा पॉलियुरेथेन उत्तम. आणि इथे परंपरेशी फारकत घ्या: काळा रंग देऊ नका. साधारण इपॉक्सी पन्नास-साठ अंशांना मऊ पडायला लागतं आणि मे महिन्यातल्या उन्हात काळा पृष्ठभाग त्याच्याही वर तापतो. पांढरा, पिस्ता, फिकट निळा असे रंग द्या. डांबराची हौस असेल तर नाळेवर एक पट्टा ओढा.

पाण्यात उतरवण्याआधी

चाचणी उथळ पाण्यात, काठाजवळ, जाकीट घालून घ्या. उजनी असो वा एकरुखचा हिप्परगा तलाव, आधी जलसंपदा विभागाच्या कार्यालयात विचारून परवानगी घ्यावी. ठरलेलं वजन वाळूच्या पोत्यांनी भरा आणि पाण्याची रेष हिशोबाशी ताडून बघा. दोन-तीन सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर होडीचं वजन कुठेतरी वाढलंय. मग पोती काढून दोन माणसं एकाच काठाला बसवा. काठ पाण्याला टेकता कामा नये. शेवटी होडी मुद्दाम पाण्याने भरा. ती काठोकाठ भरूनही सरळ तरंगली पाहिजे आणि कडेला धरून राहिलेल्या माणसांना पेलली पाहिजे. या परीक्षेत नापास झाली तर कोठ्या वाढवा. पूर्ण वजनाची रेष बाहेरून लाल रंगाने ओढून ठेवा, म्हणजे घाईच्या वेळी वाद घालावा लागत नाही.

मोटार लावायची तर

एक किलोवॉटची विजेची मोटार या होडीला भरपूर होते. सावकाश, ६०० वॉटवर चालवली तर ताशी पाच-सहा किलोमीटर वेग मिळतो. ४८ व्होल्ट ५० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे २.४ युनिट. त्यातले ऐंशी टक्के वापरायचे धरले तरी तीन तास निघतात. सोलार पॅनेल काठावरच्या शेडवर लावा. होडीवर छत केलं तर ते वाऱ्यात शिडासारखं काम करतं आणि वळिवात होडी लोळवतं. बॅटरी मध्यावर आणि तळाशी बांधून ठेवा.

मोटार लागली की कागदपत्रंही बदलतात. अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ प्रमाणे यांत्रिक जलयानाला तपासणी आणि नोंदणी लागते. महाराष्ट्रात त्यासाठी सागरी मंडळाकडे जावं लागतं. वल्ह्याच्या-बांबूच्या होडीचे नियम सौम्य आहेत, पण मासेमारीचा परवाना मत्स्यव्यवसाय विभागाचा आणि पाण्यातला वावर जलसंपदा विभागाचा, हे दोन्ही वेगळे. भाड्याने माणसं न्यायची असतील तर आराखडा, वजनाचा हिशोब आणि चाचणीचे फोटो फाइलला लावूनच अर्ज करा. साहेबांसमोर सांगायला काहीतरी ठोस असलं की काम पुढे सरकतं.

पहिलं वर्ष

होडी सावलीत, उलटी, जमिनीपासून वीतभर वर ठेवा. पहिल्या उन्हाळ्यानंतर तळ आणि कोपरे नखाने चाचपून बघा. कुठे रंग उडून लाकूड काळपट दिसलं तर लगेच रंग फासू नका. तेवढा भाग घासून उघडा करा, होडी सावलीत सुकू द्या, ओलीचं मीटर १२ च्या खाली आलं की तीन वेळा इपॉक्सी पाजा आणि मग रंग. बाभळीच्या पट्ट्या निम्म्या झिजल्या की बदला, स्क्रू जुन्याच भोकात बसतात. मोजमापाचा तक्ता आणि फळ्यांच्या फाइली जपून ठेवा. शेजारच्या गावातून कुणी ना कुणी मागायला येतंच, तेव्हा सोबत कुठे काय बदललं तेही लिहून द्या.